बेळगाव शहराच्या मध्यात शेतकऱ्यांचा बाजार : जागा आणि वार ठरवूया

शिवारवाट | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस मनात असलेला विषय आज मांडतोय. आज जे डोळ्यांनी पाहिलं ते पोटात ठेवून झोप येणार नाही.

मी कडोलीकडचा. नोकरी शहरात, शेत अजून आई-वडील बघतात. रताळी, बटाटा निघाला की मधल्या तुकड्यात मेथी, कोथिंबीर, लाल माठ. काल दुपारपासून आम्ही घरातली चौघं मेथी उपटत होतो. मुळं विहिरीच्या पाण्यात धुवायची, सारख्या मुठी करायच्या, केळीच्या ओल्या सोपटानं बांधायच्या आणि भिजवलेल्या पोत्याखाली रात्रभर झाकून ठेवायच्या. रात्री अकरापर्यंत सहाशे पेंड्या झाल्या. पहाटे चारला गाडी भरली. सवाल, म्हणजे लिलाव, झाला तो शेकड्याला तीनशेवर. पेंडीला तीन रुपये. त्यातून अडत, हमाली, गाडीभाडं गेलं. विक्रीची पट्टी खिशात घालून वडील काही न बोलता चहाच्या गाड्याकडं चालत गेले.

संध्याकाळी बायकोबरोबर टिळकवाडीत भाजी घ्यायला थांबलो. मेथी पंधराला पेंडी. हातात घेतली आणि गाठ बघून ओळखली. आई डावरी आहे, तिची गाठ नेहमी उलटी पडते. सोपट वाळलं होतं, पानं मलूल झाली होती, पण गाठ तिचीच.

विकणाऱ्याला दोष देत नाही. त्याला जागेचं भाडं आहे, नासणारा माल त्याच्या अंगावर पडतो. पण बारा तासांत तीनाचे पंधरा होतात आणि त्यातला एक रुपयाही वाढून मिळत नाही तो जिनं गाठ मारली तिला.

माझं म्हणणं असं : शहराच्या मध्यात आठवड्यातून एक-दोन दिवस, ठरलेल्या वेळी, पिकवणाऱ्यानंच बसून विकायचं, असा बाजार आपल्याकडं का होऊ नये? कडोली, अगसगे, उचगाव, बेळगुंदी, येळ्ळूर, धामणे, खानापूर, सगळा टापू शहराला लागून आहे. जागा कोणती, वार कोणता, कोण येईल, यावर बोला.

---

स्वयंपाकघर | शनिवार, रात्री १०.०५

मी टिळकवाडीतली, त्या पंधराच्या मेथीची गिऱ्हाईक. दहाला ताजी मिळाली तर मी चार पेंड्या घेईन, आणि शेजारणींनाही घेऊन येईन. वेळ मात्र सकाळी साडेसहा ते नऊ अशी ठेवा. मुलं शाळेत आणि माणसं ऑफिसला गेल्यावर बाजार भरला तर उपयोग नाही.

---

वडगाव शिवार | शनिवार, रात्री ११.१२

शिवारवाट, गाठीचं वाचून गलबलून आलं.

तुमचं माळव्याचं, म्हणजे भाजीपाल्याचं, आमचं भाताचं. शहापूर-वडगाव-अनगोळ-येळ्ळूर या शिवारातला बेळगाव बासमती एके काळी दाराबाहेर शिजला तरी गल्लीला कळायचा. आज बाजारात त्या नावाची पाटी असलेली पोती भरपूर दिसतात आणि शिवारात त्याची खाचरं शोधावी लागतात. पीक उंच वाढतं, वारा-पावसात लोळतं, तयार व्हायला दिवस जास्त लागतात आणि उतारा कमी पडतो. त्यातून बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरलं की उभं पीक आठ-आठ दिवस पाण्याखाली. मग माणूस इंद्रायणी भात लावतो, त्याचं काय चुकलं? हलगा-मच्छे बायपासचा लढा याच पिकाऊ जमिनीसाठी झाला, हे इथं सगळ्यांना माहीत आहे.

मी अजून वीस गुंठ्यात बासमती लावतो, घरापुरता आणि पाहुण्यांपुरता. व्यापाऱ्याला घातला तर त्याचा वेगळा भाव होत नाही, बाकीच्या तांदळात मिसळून जातो. समोर बसून विकायला मिळालं, मूठभर तांदूळ गिऱ्हाइकाच्या तळहातावर घासून वास दाखवता आला, तर मी पुढच्या वर्षी वीसाचे चाळीस गुंठे करीन. बियाणं राखून ठेवणारी चार घरं अजून आहेत. ती थांबली की संपलं.

आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर येणारा मसूर, वाटाणा, हरभरा विसरू नका. आमच्या शिवारातला मसूर ज्यांनी खाल्लाय ते दुकानातली पिशवी परत हातात धरत नाहीत.

---

तराजू | रविवार, सकाळी ७.३०

मी अडत दुकानात वाढलेला माणूस. दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका.

दलालाला शिव्या देणं सोपं आहे. पण जूनमध्ये बियाण्याला, खताला उचल कोण देतो? मुलीचं लग्न ठरलं की रात्री नऊला शेतकरी कुणाच्या दारात येतो? शंभर पोती रताळी एका दिवसात काढली तर ती चौकात किलोकिलोनं विकून संपणार आहेत का? आपली रताळी उपासाच्या दिवसांत ट्रक भरून दिल्ली, इंदूरपर्यंत जातात. गोव्याचं फलोत्पादन महामंडळ रोजची भाजी बेळगावातून उचलतं. एवढी उलाढाल आठवडी बाजारातून होत नसते, तिला मार्केट यार्डच लागतं.

पण मेथीबाबत शिवारवाट बरोबर बोलतात, हे मी दुकानात बसून बघितलंय. पालेभाजीला थांबायला वेळ नसतो. सकाळी सातनंतर तिचा भाव पडतो आणि शेतकऱ्याला ती परत नेता येत नाही, म्हणून जो आकडा निघेल तो त्याला घ्यावा लागतो. सवालात सगळ्यात जास्त मार पालेभाजीवाल्याला बसतो. तेव्हा तुमचा बाजार पालेभाजी, वांगी, दोडका, ओली मिरची, कोवळा मुळा, घरचा तांदूळ-कडधान्य यांच्यासाठी करा. बटाटा, रताळी, कोबी यांचं घाऊक वेगळं राहू द्या. दोन्ही एकाच मांडवात बसवायला गेलात तर पहिल्या महिन्यातच मोडेल.

---

शिवारवाट | रविवार, सकाळी ८.१०

तराजू, मनापासून आभार. हे मला सुचलंच नव्हतं. आमच्या घरची रताळीही तुम्ही म्हणता तशीच जातात आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पालेभाजीपासून सुरू करायचं हे पटलं.

---

दूरचा बेळगावकर | रविवार, दुपारी १२.२०

बारा वर्षं पुण्यात आहे. इथं संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडे बाजार भरतात. मैदानात किंवा सोसायट्यांच्या मोकळ्या जागेत, ठरलेल्या वारी, काही तास. महाराष्ट्रात २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, त्यानंतर यांना जोर आला. शेतकऱ्यांचे गट एकत्र गाडी करतात आणि चार-पाच घरांचा माल दोन माणसं विकतात, त्यामुळं प्रत्येकाचा दिवस मोडत नाही.

पण एक गोष्ट मी स्वतः बघितली आहे ती सांगतो. आमच्या जवळच्या बाजारात पहिल्या वर्षी सगळे शेतकरी होते. दुसऱ्या वर्षी काही टेबलांवर एकाच माणसाकडं कांदा, सफरचंद, ढोबळी मिरची आणि केळी दिसायला लागली. एका शेतात हे सगळं येत नाही, हे गिऱ्हाइकाला कळतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, मी घराखालच्या दुकानातच घेईन. बाजार तिथून उतरणीला लागला.

यावरचा उपाय तमिळनाडूनं आधीच काढलाय. तिथं १९९९ साली मदुराईत पहिला उळवर संदै, म्हणजे शेतकरी बाजार, सुरू झाला. शेतात येऊन पाहणी केल्याशिवाय शेतकऱ्याला ओळखपत्र मिळत नाही, आणि ओळखपत्राशिवाय गाळा मिळत नाही. रोज सकाळी भाव फळ्यावर लिहितात, घाऊक बाजारापेक्षा वर आणि किरकोळ दुकानापेक्षा खाली. आंध्रात रयतू बाजारही त्याच वर्षी निघाले, आणि पंजाबात अपनी मंडी त्याच्या कितीतरी आधी, १९८७ ला. तेव्हा आपण काही जगावेगळं मागत नाही आहोत.

---

घाटमाथा | रविवार, दुपारी ३.४५

खानापूर-जांबोटीकडून लिहितो. आमच्याकडं माळवं कमी, पण बाकीचं बघा : नाचणी, काजू, फणस, कणंग (उकडून खायचा कंद), पहिल्या पावसातली अळंबी, आणि उन्हाळ्यात करवंदं-जांभळं. करवंदं आमच्या बायका पहाटे जाळीत हात घालून काढतात. कोपरापर्यंत काट्यांचे ओरखडे असतात. शहरात येऊन पानाच्या द्रोणात विकतात आणि दुपारच्या आत संपवावी लागतात, नाहीतर तळाला पाणी सुटतं.

११ जून २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना एसटी फुकट झाली, त्याचा खरा फायदा या बायकांना झालाय. आधी येण्याजाण्याच्या तिकिटात निम्मी कमाई जायची. मात्र चंदगड भागातल्या बायकांना ही सवलत नाही, कारण ती कर्नाटकात राहणाऱ्यांपुरती आहे. चंदगडच्या कितीतरी गावांना बेळगावच जवळचं, पिढ्यान्‌पिढ्या माल इथंच येतो. बाजार केलात तर सीमेपलीकडची बाई म्हणून तिला बाहेर ठेवू नका, एवढी विनंती.

---

स्वयंपाकघर | रविवार, दुपारी ४.०२

घाटमाथा, कणंग येणार असेल तर माझं नाव आधी लिहा. सासूबाई गेल्यापासून घरात उकडलेली कणंग झालेली नाही.

---

कागदपत्र | रविवार, सायंकाळी ६.३०

वकिली करतो, म्हणून कोरडं पण कामाचं लिहितो.

पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. त्याप्रमाणे शहरात विक्रेता समिती असते. तिच्यात निदान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. आपल्याला सगळ्यात उपयोगी शब्द म्हणजे नैसर्गिक बाजार. जिथं विकणारे आणि घेणारे परंपरेनं जमत आले आहेत, त्या जागेची दखल या कायद्यानं घेतली आहे. विक्रेत्यांना हलवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तेव्हा महानगरपालिकेकडं अर्ज करताना नवी जागा मागण्याबरोबर हेही लिहा.

बाकी : वजनकाट्यावर ठरलेल्या मुदतीत वजनमापे खात्याचा शिक्का हवा. लोणचं, पापड, पीठ असं बनवलेलं काही विकायचं तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हवी. कच्च्या भाजीला पिकवणारा स्वतः विकत असेल तर ती कटकट नाही. फलक लावाल तर त्यावर ६० टक्के जागा कन्नडला, असा २०२४ पासूनचा राज्याचा नियम आहे, तो पाळा. खाली मराठीत लिहा. बाजारात बसणारे कन्नड आणि मराठी दोन्ही घरांतले असणार आहेत, हलग्याचा आणि काकतीचा शेतकरीही त्याच सवालात त्याच तीन रुपयांना मेथी देतो. अर्जावर सह्या दोन्हीकडच्या घ्या.

---

माळवंवाल्याची लेक | रविवार, रात्री ९.१५

हा धागा मी आईला वाचून दाखवला. आई गेली तीस-बत्तीस वर्षं बाजारात बुट्टी (टोपली) घेऊन बसते. ती जे बोलली ते तसंच लिहिते.

"नवा बाजार करूल्यात म्हणं? मग आमी हाव ते काय हाय? गणपत गल्लीत, भावे चौकात, कांदा मार्केटच्या तोंडाला बघा की सकाळी. सगळ्या खेड्यास्नं आलेल्या बायका. आपल्या परड्यातलं, आपल्या बांधावरचं घिऊन बसतोय. बाजार हायच. बसायला जागा तेवडी न्हाई."

मी विचारलं, जागा मिळाली तर काय पाहिजे? तिनं आधी भाव, गाळा, ओळखपत्र यातलं काहीच सांगितलं नाही. म्हणाली, मुतारी. सकाळी घरातून निघताना ती पाणी पीत नाही. दुपारी परत आल्यावर पहिल्यांदा तांब्या तोंडाला लावते. तिच्याबरोबर बसणाऱ्या सगळ्याच तसं करतात. दोघींना मूतखड्याचा त्रास झालाय. लहानपणापासून मी हे बघत आले आणि ते कधी कुणाला सांगावं असं मला वाटलं नव्हतं. आज लिहिताना लाज वाटते.

दुसरं तिनं सांगितलं सावलीचं. उन्हात माठ तासाभरात मान टाकतो. मग गिऱ्हाईक निम्म्या भावात मागतं.

तिसरं, उठवण्याचं. कधी गाडी येते आणि बुट्ट्या उचलायला लागतात तेव्हा सगळ्या पळतात. एकदा तिची टोमॅटोची बुट्टी रस्त्यावर उलटी झाली, रिक्षा वरून गेल्या. त्या दिवशी ती चालत घरी आली, बससाठी ठेवलेले पैसे वाटेत मोडले म्हणाली. ते तिनं माझ्यासाठी वही घेण्यात मोडले होते.

तुमच्या नव्या बाजारात या बायका पहिल्या बसणार असतील तर आई येईल. त्यांना बाजूला सारून गाळे बांधणार असाल तर, ती म्हणते, आमास्नी चौकच बरा.

---

वडगाव शिवार | रविवार, रात्री ९.५०

ताई, आईंना नमस्कार सांगा. त्यांच्या बुट्टीशेजारी माझं पोतं राहील.

---

शिवारवाट | रविवार, रात्री १०.३०

ताई, तुमच्या आईंनी माझा धागाच दुरुस्त केला. मी सुरुवातीलाच "का होऊ नये" असं लिहिलं, आणि बाजार रोज माझ्या ऑफिसच्या वाटेवर भरतोय. मी त्याला गर्दी समजून गाडीचा हॉर्न वाजवत पुढं जात होतो. मनापासून माफी.

मग मागणी बदलूया. गाळे नकोत, इमारत नको. मोकळी सपाट जागा, वर शेड, बाजूला पाण्याचा नळ आणि बायकांसाठी स्वच्छ शौचालय. सकाळी सहा ते दहा. आधी ज्या चौकात बसतात त्यांची नावं, मग बाकीच्यांची.

---

तराजू | सोमवार, सकाळी ६.५०

जागेबद्दल. उत्तरेकडची गावं, म्हणजे कडोली, केदनूर, काकती, होनगा, ही बसस्टँडला उतरतात. त्यांना किल्ल्याजवळचा भाग सोयीचा. ठोक भाजी बाजार पूर्वी तिथंच भरायचा, जुन्या गिऱ्हाइकांचे पाय अजून तिकडं वळतात. येळ्ळूर, धामणे, मच्छे, देसूरकडचे लोक मात्र शहापूर-गोवावेसकडून येतात. डोक्यावर बुट्टी घेऊन त्यांनी सगळं शहर पार करावं असं म्हणता येणार नाही. त्यात मध्ये रेल्वेलाईन. दोन जागा कराव्या लागतील, दोन वेगळ्या वारी. शनिवार बाजाराचा जुना वार आहे, तो किल्ल्याकडं ठेवा. टिळकवाडी-शहापूरकडं बुधवार. एपीएमसीतही (बाजार समितीत) बुधवार-शनिवारच घाऊक बाजाराचे वार, त्यामुळं गावातून गाड्या तशाही निघतात. बटाट्याच्या गाडीत मागं चार बुट्ट्या बसतील, वेगळं भाडं पडणार नाही.

उरलेला माल हा तुमचा मोठा प्रश्न असेल. दहा वाजता ज्याच्याकडं वीस पेंड्या उरल्या त्यानं काय करायचं? खानावळी, मेस, वसतिगृहं यांच्याशी आधीच बोलून ठेवा. दोन मेसवाले माझ्या ओळखीचे आहेत, मी बोलतो.

---

दूरचा बेळगावकर | सोमवार, सकाळी ९.००

तराजू, तुम्ही हे करताय याचं फार बरं वाटलं. फलक आणि अर्ज छापण्याचा खर्च मी देतो. एक सुचवतो : प्रत्येक बुट्टीपुढं गावाचं नाव लिहिलेली पाटी ठेवा. कडोली, बेळगुंदी, जांबोटी, चंदगड. गिऱ्हाईक गावाच्या नावानं परत येतं.

---

घाटमाथा | सोमवार, दुपारी १.१५

एसटीत बुट्टीचं सामान-तिकीट लागतं, ते कधी घेतात कधी नाही, कंडक्टरवर असतं. अर्जात हेही घाला : बाजाराच्या दिवशी सकाळच्या गाड्यांत बुट्ट्यांना मोकळीक द्या.

---

कागदपत्र | सोमवार, रात्री ८.४०

मसुदा दोन्ही भाषांत तयार केला. एक प्रत महानगरपालिकेला, एक जिल्हाधिकारी कार्यालयाला, एक विक्रेता समितीला. पण सह्यांआधी एक काम करा : कोण, कुठून येऊन, काय विकतं याची मोजणी. आकड्याशिवाय टेबलावरचा कागद हलत नाही.

---

शिवारवाट | बुधवार, सकाळी ११.२०

मोजून आलो. ऑफिसला अर्धी रजा टाकली आणि पहाटे साडेपाचपासून चौकात वही घेऊन थांबलो. माळवंवाल्याची लेक बरोबर होत्या, त्या नसत्या तर कुणी नाव सांगितलं नसतं. वही काढली की बायका बुट्टी आवरायला लागत होत्या. मी उठवणाऱ्यांपैकी आहे असं त्यांना वाटत होतं. ताई एकेकीजवळ उकिडव्या बसल्या, आईचं नाव सांगितलं, मग बोलणं सुरू झालं.

नावं इथं लिहीत नाही. उचगाव, सावगाव, धामणे, कंग्राळी, मुतगा, येळ्ळूर या गावांची एकूण ३८ घरं वहीत आली. त्यांतली ३१ स्वतःच्या शेतातलं किंवा परड्यातलं विकतात, बाकीच्या शेजाऱ्यांचंही आणतात. चौघीजणी कन्नड बोलत होत्या, त्यांच्याशी ताईच बोलल्या. एका आजींनी विचारलं, नाव लिहिलंस ते आमाला काडायला न्हाई न्हवं? मी नाही म्हटलं. त्यांनी वही हातात घेतली, स्वतःचं नाव कुठं आहे ते बोटानं दाखवायला लावलं आणि त्यावर अंगठा टेकवून बघितला.

अर्जावरची पहिली सही त्यांचीच घेऊ.

---

माळवंवाल्याची लेक | बुधवार, दुपारी २.०५

त्या आजी धामण्याच्या. आईच्या मैत्रीण.

शनिवारी अर्ज द्यायला निघण्याआधी सगळे चौकात या, सकाळी साडेसहाला. आई लाल माठ आणि कोवळा मुळा आणणार आहे. स्वयंपाकघर ताईंसाठी कणंग घाटमाथा भाऊंच्या गावातून येतेय. सुट्टे पैसे घेऊन या, फोनवरचं आईला अजून जमत नाही.